अंगचं आणि कमावलेलं: एका पैलवानी गेमचं प्रकरण

भांडण एका आकड्यावरून पेटलं. आकडा होता १८.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका माडीवर आम्ही सहा जण रविवारी दुपारी रोलप्लेइंग गेम खेळतो. मोबाईल नाही, पडदा नाही. चटई, कागद, खोडरबर आणि फासे. पाच जण प्रत्येकी एक पात्र चालवतात, सहावा, म्हणजे मी, बाकीचं जग चालवतो. पात्रानं काही करायचं म्हटलं आणि ते जमेल की नाही याची खात्री नसली, की फासा टाकायचा, पात्राच्या कागदावरचा योग्य तो आकडा त्यात मिळवायचा आणि येईल तो निकाल मान्य करायचा. सगळा खेळ त्या ‘योग्य त्या आकड्या’वर उभा असतो. तो येतो कुठून, अंगातून की मेहनतीतून, हा प्रश्न आम्हाला पहिली दोन वर्षं पडलाच नाही. आम्ही ड्रॅगन मारत होतो, आणि ड्रॅगनला तालीम नसते.

मग मला हौस आली आणि मी इथलाच खेळ रचला. साल १९१२, म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं कुस्ती मैदान सुरू झालं ते वर्ष. आसपासच्या खेड्यांतून पाच जण शहरात येतात, कुणी कुस्तीसाठी, कुणी गाणं शिकायला, कुणी नुसतंच पोटासाठी. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे, जादू वजा करून. आठ रविवारांत संपवायचं असं ठरलं होतं.

खेळणाऱ्यांची नावं इथं नकोत. आमच्यात तशीही टोपणनावंच चालतात. ‘पैलवान’ हा खराच पैलवान होता, लहानपणापासून बारा वर्षं तालमीत, गुडघा गेला आणि सुटली. आता ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ‘उद्यमनगर’चं लेथचं वर्कशॉप. ‘हुपरी’ चांदीकाम करणाऱ्या घरातला, तोळ्या-माशाचा हिशेब डोक्यात पक्का. ‘स्टॅट’ शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते, वयानं सगळ्यांत लहान, त्यामुळे तिला कुणी काही बोलत नाही आणि ती सगळ्यांना बोलते. आणि ‘मास्तर’ शाळेत चित्रकला शिकवतात, आमच्यात सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलणारे.

काय झालं

पात्र तयार करताना आम्ही सहा गुणांसाठी, म्हणजे ताकद, बुद्धी अशा जन्मजात गोष्टींसाठी, फासे टाकले. पद्धत नेहमीची: चार सहाबाजू फासे, सगळ्यांत लहान बाजूला, उरलेल्या तिघांची बेरीज. उद्यमनगरला ताकदीत १८ पडले. त्यानं पात्र केलं गुऱ्हाळावर उसाच्या मोळ्या वाहणारा गडी. तालमीचा उंबरा कधी ओलांडलेला नाही. पैलवानाला ताकदीत १३ पडले. त्यानं तक्रार केली नाही. त्याचं पात्र नऊ वर्षं मातीत घोळलेलं, वस्तादाच्या हाताखाली तयार झालेलं.

दुसऱ्याच रविवारी गावच्या जत्रेत दोघांची जोड लागली. तीन झटापटी, दोन ज्याच्या त्याची कुस्ती, असा मी नियम केला. गड्यानं सलग दोन घेतल्या.

पैलवानानं फासा चटईवर ठेवला. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

“नऊ वर्षं माती खाल्लेल्याला उसाचा गडी पाडतोय व्हय? मग वस्ताद कशाला आणि तालीम तरी कशाला?”

“फासा पडला मर्दा, त्यात माझं काय चुकलं?”

“फाशाचं नाही म्हणत मी. तुझ्या कागदावरचं म्हणतोय.”

तोवर स्टॅटनं कागदाच्या पाठीमागं हिशेब मांडला होता. नियमाप्रमाणे ताकद १८ म्हणजे फाशात अधिक ४. ताकद १३ म्हणजे अधिक १, त्यात शिक्षणाचे अधिक २, एकूण ३. दोघंही वीसबाजू फासा टाकणार, म्हणजे चारशे शक्यता. त्यांतल्या २१० मध्ये गडी जिंकतो, १७१ मध्ये पैलवान, १९ मध्ये बरोबरी. “पैलवानदादा, तुम्ही जिंकला असता तरच मी म्हटलं असतं की नशीब लागलं.”

हे ऐकून तो जास्तच गप्प झाला. त्या दिवशी खेळ तिथंच थांबला आणि आम्ही खाली मिसळ खायला गेलो. मिसळीवरही कुणी फार बोललं नाही.

दोष कुणाचा

आधी माझाच धरतो. पाचव्या आवृत्तीत शिकलेल्या गोष्टीची भर पहिल्या पातळीला अधिक २ असते आणि सतराव्या पातळीपासून अधिक ६. म्हणजे रचनाकारांनी जन्मजात गुण सुरुवातीलाच पदरात टाकले आहेत आणि शिक्षण हळूहळू वाढत जाणारं ठेवलं आहे. पातळ्या चढत जाणाऱ्या लांबलचक मोहिमेत हे शोभतं. आठ रविवारांच्या खेळात पात्रं तिसऱ्या पातळीपलीकडे जात नाहीत, तिथं शिक्षण कायम बालवाडीतच राहतं. (‘रोग’, म्हणजे भामटा, नावाच्या पात्रांच्या वर्गाला ही भर दुप्पट करून घेता येते. पण आमचा पैलवान रोग नव्हता. हे वाक्य मराठीत लिहिताना दरवेळी दचकायला होतं.)

दुसरी गोष्ट फाशाची. वीसबाजू फाशात १ पडण्याची शक्यता जेवढी तेवढीच २० पडण्याची. त्या पसाऱ्यात दोन-तीन गुणांची भर विरघळून जाते. समजा एकाला दुसऱ्यापेक्षा ३ जास्त आहेत. वीसबाजू फाशावर तो शंभरात साधारण ६२ वेळा जिंकेल. त्याच तीन गुणांना तीन सहाबाजू फाशांची बेरीज लावली तर ७२ वेळा, कारण बेरीज मधल्या आकड्यांभोवती गोळा होते आणि टोकाचे आकडे क्वचित पडतात. कुस्ती ही काही लॉटरी नव्हे असं ज्याला वाटतं त्यानं फासा बदलावा. हे मला आधी सुचायला हवं होतं.

आणि १८ पडणं तसं दुर्मीळही नाही. चार फाशांच्या पद्धतीत एका गुणाला ती शक्यता १२९६ मध्ये २१. सहा गुणांपैकी एखाद्यात तरी १८ येण्याची शक्यता शंभरात नऊच्या आसपास. पाच खेळाडू बसले की कुणाच्या तरी कागदावर ते येण्याची शक्यता शंभरात ३९ च्या आसपास. सगळ्यांना सारखी गुणांची पुंजी देऊन त्यातून खरेदी करू देणं हा त्यावरचा रूढ इलाज. पाचव्या आवृत्तीत २७ गुण मिळतात आणि पंधराच्या वर विकत घेता येत नाही. उद्यमनगरनं तो सरळ नाकारला. “जन्म काय पॉइंट देऊन घ्यायचा असतो व्हय?” त्याचंही चूक नव्हतं.

त्या आठवड्यात मी जुनी नियमपुस्तकं उघडून बसलो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये तीन फासे टाकून सहा गुण ठरायचे, पण कौशल्यांची यादीच नव्हती. गंमत म्हणजे आपल्या वर्गाचा मुख्य गुण चांगला पडला तर मिळणारा मोठा फायदा कुठला, तर अनुभवाचे गुण पाच किंवा दहा टक्के जास्त. म्हणजे अंगचं असणं याचा अर्थ तिथं ‘लवकर शिकतो’ असा होता. १९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळात पात्र अठराव्या वर्षी नोकरीला लागतं, चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी जगतं, प्रत्येक टप्प्यात काहीतरी शिकतं, आणि फासा वाईट पडला तर खेळ सुरू होण्याआधीच मरतं. तिथं शिक्षण म्हणजे आयुष्याचा हिशेब. शिकण्यात वय खर्च होतं ही गोष्ट इतक्या रोखठोक मांडलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

हुपरीला मी गर्प्स नावाच्या खेळाचे नियम दाखवले आणि दहा मिनिटांत त्यानं त्यातली फट शोधली. चौथ्या आवृत्तीत बुद्धी एकानं वाढवायला २० गुण लागतात आणि तिच्यावर बेतलेली सगळी कौशल्यं आपोआप एकानं वाढतात. एकेक कौशल्य वेगळं वाढवायचं तर, थोडं शिकून झाल्यावर, प्रत्येकी ४. “पाचाच्या वर कौशल्यं असली की बुद्धीच घ्यायची. घाऊक भाव आहे हा. मेहनत किरकोळीत पडते.” खेळाची रचना करणाऱ्या कुणीही हे वाक्य भिंतीवर लावावं. गुण स्वस्त ठेवला की खेळाडू शिकत नाहीत, गुण विकत घेतात.

फसलेले दोन प्रयोग

पहिला प्रयोग पैलवानाच्या आग्रहानं. गुण पूर्ण काढून टाकले, फक्त कौशल्यं ठेवली. गुणांशिवाय चालणारे चांगले खेळ आहेत, फेट त्यांतलाच एक, त्यामुळे हे अशक्य नव्हतं. आमच्याकडे मात्र पाचही पात्रं एका साच्यातून काढल्यासारखी झाली. सगळ्यांनी कुस्ती, बोलणं, पळणं आणि लपणं घेतलं. मास्तर पहिल्यांदा बोलले ते तेव्हा. चाळीस पोरांच्या वर्गात दोन-तीन पोरं अशी येतात, म्हणाले, की पहिल्या दिवशीच त्यांची रेघ बरोबर पडते. “त्यांना मी अजून काही शिकवलेलं नसतं. ही रेघ तुमच्या कागदावर कुठं लिहायची?” पैलवानानं वाद घातला नाही. तालमीतही अशी पोरं येतात हे त्याला माहीत होतं. त्याला तेवढं मान्य करायचं नव्हतं.

दुसरा प्रयोग मूळ १९७४ च्या कल्पनेवर: अंग म्हणजे शिकण्याचा वेग. त्यासाठी आम्ही कॉल ऑफ क्थुल्हू या खेळाची पद्धत घेतली. कौशल्य शंभरात किती ते लिहायचं. खेळात वापरून जमलं की खूण करायची. शेवटी शंभरी फासा टाकायचा आणि तो सध्याच्या कौशल्याच्या वर पडला तरच दहाबाजू फाशाएवढी वाढ. जेवढं जास्त येतं तेवढं पुढचं शिकणं अवघड, ही या पद्धतीतली मेख मला फार आवडते. अंगात असलेल्याला आम्ही वाढीसाठी दोनदा फासा टाकायची मुभा दिली.

स्टॅटनं सरासरी काढली. दोघंही ३० पासून निघाले आणि दर रविवारी खूण झाली असं धरलं, तर आठ रविवारांनी साधा शिकाऊ ५५ च्या जवळ आणि अंगचा शिकाऊ ६४ च्या जवळ. फरक खरा आहे, पटण्यासारखा आहे, आणि खेळताना कुणाला जाणवत नाही. उद्यमनगर वैतागला: “माझा गडी पैलवान होईपर्यंत तुमचं कॅम्पेन उठणार. आज काय करायचं त्यानं, हौद्याच्या कडेला बसून लिंबं कापायची?”

या प्रयोगात आम्ही दोन रविवार घालवले. त्यांतला एक अख्खा खोडरबरात गेला.

अण्णा आणि गादी

पैलवानाचे वडील, आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणतो, कधीमधी माडीवर येऊन बसतात. आम्ही पोरकट काहीतरी करतो याबद्दल त्यांची खात्री आहे, पण कुस्तीचा विषय निघालेला ऐकून ते जिना चढून आले. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि एवढंच म्हणाले: “खाशाबांचं अंग चार वर्सांत बदललं व्हतं का?”

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, घरात कुस्ती, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. जन्म मातीतला, लंडनला मात्र गादी, आणि नियमही गुणांचे. तिथं त्यांना रीस गार्डनर या अमेरिकी मल्लानं मार्गदर्शन केलं. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात, ५७ किलोत, त्यांनी कांस्यपदक आणलं.

म्हणजे लंडनला ते अडाणी नव्हते, दुबळेही नव्हते. जे शिकले होते ते मातीचं होतं. मातीत पाय रुततो, वेग कमी असतो, निकाल चितपटीवर लागतो. दमानं खेळून समोरच्याला थकवणं हेही एक शास्त्र असतं. गादीवर पाय सुटतो, घड्याळ चालू असतं, आणि पाठ न लावताही गुणांवर कुस्ती जाते. आजही महाराष्ट्र केसरीला माती विभाग आणि गादी विभाग वेगळे भरतात आणि दोन्हींकडचे विजेते शेवटी भिडतात, ते उगाच नाही.

मला माझ्या कागदावरची चूक इथं दिसली. अंगचं आणि कमावलेलं आम्ही एकाच बेरजेत घालत होतो. ४ अधिक ० आणि १ अधिक २, दोन्ही बाजूला एकच जातीचे आकडे. बेरीज केली की वस्तू अदलाबदलीच्या होतात: एवढी ताकद म्हणजे एवढी वर्षं तालीम. मग भांडण फक्त भावाचं उरतं, आणि भाव कितीही बदलला तरी कुणीतरी फसतंच. प्रत्यक्षात अंग सगळीकडे बरोबर येतं, माती असो, गादी असो, पुराचं पाणी असो, पण ते पातळ असतं आणि संपतं. शिकलेलं खोल असतं, संपत नाही, पण ज्या जागेसाठी शिकलात त्या जागेला बांधलेलं असतं. यांची बेरीज करायचीच नव्हती.

नवे नियम

कागदावर आता अंग ० ते ४ असं एका रकान्यात आणि डावांची यादी दुसऱ्यात. प्रत्येक डावापुढे तीन पायऱ्यांपैकी एक: ऐकीव, घोटलेला, मुरलेला. ऐकीवला काही भर नाही, घोटलेल्याला अधिक १, मुरलेल्याला अधिक ३. फासे तीन सहाबाजू. यादीत नसलेला डाव टाकता येत नाही. गावातल्या कुठल्याही पोराला पट काढता येतो म्हणून तो सगळ्यांना ऐकीव दिला. ढाक, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड मात्र शिकल्याशिवाय नाहीत. आणि समोरच्यानं टाकलेला डाव तुमच्याकडे निदान घोटलेला असेल तर त्याची तोडही तुम्हाला येते, म्हणजे त्याची भर पुसली जाते.

अंगाची भर कशातच मिळवायची नाही. एका अंगाच्या मोबदल्यात आपल्या तीन फाशांतला सर्वांत लहान फासा पुन्हा टाकायचा. स्टॅटच्या हिशेबानं एका वेळेला सरासरी दीड गुणाचा फायदा. अंग एकदा वापरलं की रात्री झोपल्याशिवाय परत येत नाही. जिथं कुणाचंच शिक्षण कामाला येत नाही, म्हणजे पंचगंगेच्या पुरातून पलीकडे जाणं किंवा दोन रात्री जागून बैलगाडी हाकणं, तिथं मात्र अंग थेट मिळवायचं. अनोळखी हौदा, भिजलेली माती, कधी न पाहिलेल्या पद्धतीचा मल्ल समोर आला तर शिकलेला डाव एक पायरी खाली उतरतो.

एक नियम मी कुणाला न विचारता घातला. वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, असं इकडे म्हणतात. म्हणून जो कुणी कुणाला शिकवील त्यानं आपल्या कागदावर एका डावावर टिंब द्यायचं. तो डाव त्या शिष्याला कधीच मिळणार नाही. यावरून पुढं जे राजकारण झालं ते वेगळं प्रकरण होईल.

मग तीच जोड पुन्हा लावली. पैलवानाकडे अंग १, ढाक मुरलेली, घिस्सा घोटलेला. गड्याकडे अंग ४ आणि ऐकीव पट. निकाल लागेपर्यंत झटापटी, तीन घेईल त्याची कुस्ती.

गडी जिंकला.

खोलीत एकदम शांतता. पहिल्या तीन झटापटींत त्यानं चारही अंगं जाळली होती आणि तिसरी अगदी एका गुणानं घेतली होती. सगळे पैलवानाकडे बघायला लागले. तो हसत होता. “हे मान्य. अंगावर आलेला गडी असाच येतोय, पहिल्या धडाक्यात. तो धडाका काढला असता तर चौथीपासनं त्याच्याकडं काय होतं? काय न्हाई.” गोष्ट बाजूला ठेवून आम्ही तीच कुस्ती नुसत्या फाशांवर दहा वेळा लावली. बहुतेक पैलवानाच्या झाल्या. गड्यानं ज्या घेतल्या त्या सगळ्या सुरुवातीच्या तीन-चार झटापटींत. दहावरून काहीही सिद्ध होत नाही, असं स्टॅटनं बजावलं. पण हरण्याची आणि जिंकण्याची तऱ्हा बरोबर वाटत होती, आणि खेळाच्या नियमांकडून मला तेवढंच हवं असतं.

जिथं नियम पुरे पडले नाहीत

स्टॅटचं पात्र गाणं शिकायला आलेली मुलगी. १९१२ ला कोल्हापूर दरबारात अल्लादिया खाँ गायक होते, त्यामुळे हे पात्र मला फार आवडलेलं. पण गळ्याला आमचं अंग लागू पडेना. गळा वापरला म्हणून रात्री परत भरून येत नाही, तो बसतो, फुटतो, वयाप्रमाणे बदलतो. खुद्द खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत गेला आणि परत आला तो पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली आणि तीच जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख झाली. अंग कमी पडलं आणि त्या कमीतूनच शिक्षणाला नवं वळण मिळालं. याचा नियम कसा करायचा? शेवटी आम्ही एवढंच लिहिलं की अंगाचा एक गुण कायमचा गेला तर एक मुरलेली गोष्ट खोडून तिच्या जागी स्वतः रचलेली नवी गोष्ट घोटलेली म्हणून लिहिता येते. स्टॅट म्हणाली, ठीक आहे. तिचं ‘ठीक आहे’ म्हणजे नापास.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती आमच्या खेळापुरती नाही. हुपरीचं पात्र मुखदुर्बळ आहे. हुपरी स्वतः तसा नाही. पात्राच्या तोंडून तो असं काही बोलतो की दारोगा विरघळतो, सावकार व्याज सोडतो, आणि मी, जग चालवणारा, फासा टाकायला सांगायचं विसरतो. उलट मास्तरांचं पात्र शाहीर आहे, बोलणं मुरलेलं, आणि मास्तर तोंड उघडून म्हणतात, “तो काहीतरी चांगलं बोलतो.” कुस्तीत खेळाडूचं स्वतःचं अंग आड येत नाही, पैलवानाच्या गेलेल्या गुडघ्यानं त्याचं पात्र लंगडत नाही. बोलण्यात मात्र खेळाडूची जीभ पात्राच्या तोंडात येऊन बसते. कागदावरचं अंग, कागदावरचं शिक्षण, आणि चटईवर बसलेल्या माणसाचं अंग अशी तीन माणसं एका पात्रात कोंबलेली असतात. मी नियम केला: मुद्दा काय ते सांगा, फड मारू नका; मुद्द्यावर मी कठीणपणा ठरवीन आणि निकाल फासा देईल. तो पाळला जात नाही. मीच पाळत नाही, कारण हुपरीचं बोलणं ऐकायला मजा येते.

पाचव्या रविवारी अण्णा पुन्हा आले. पैलवानानं त्यांना अभिमानानं नवा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो खालपासून वरपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली.

“अंग हाय, डाव हायत. खुराक कुठं लिवलाय?”

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. रोजचं किती दूध, बदाम कुठून, तूप कुणाच्या घरचं, आणि ते सगळं विकलं तर घरात काय येईल, हे एकेक विचारायला लागले. कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग स्वतःचं सांगितलं, फार थोडक्यात. “माझं अंगबी व्हतं, वस्तादबी व्हता. म्हस आटली.”

पैलवानानं ही गोष्ट पूर्वी ऐकलेली नसावी. तो बराच वेळ कागदाकडेच बघत होता.

खाशाबांची गोष्ट मीच आठवड्यापूर्वी माडीवर सगळ्यांना सविस्तर सांगितली होती, आणि त्यातला हा भाग गाळून. १९४८ च्या लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ ला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीच्या गादीवर अंग होतं, शिक्षण होतं, आणि खाली कोल्हापुरातलं एक गहाण घर होतं.

तिसरा रकाना आला. दर आठवड्याला खुराक भरायचा: घरची म्हैस, आश्रयदाता, देवस्थान, उधारी, काहीही, पण कुठून ते लिहायचं. खुराक चुकला की अंग झोपेनं परत येत नाही आणि घोटलेलं मुरत नाही. पाचांपैकी चार पात्रांचा खुराक खेळातल्या दुसऱ्याच महिन्यात तुटला. गुऱ्हाळावरच्या गड्याला रस आणि काकवी फुकट, दुधाचा पत्ता नाही. पैलवानाचा वस्ताद शिकवायला तयार, पण शिष्याच्या पोटाचं बघायला नाही.

सहाव्या रविवारी खासबागेत मोठी कुस्ती ठेवली होती. ती झालीच नाही. चौघांनी पैसे एकत्र करून म्हैस घ्यायचं ठरवलं, आणि अख्खी दुपार बाजारात म्हशीचा भाव करण्यात गेली. कास बघून झाली, दात बघून झाले, व्यापारी दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. भाव केला हुपरीनं. फासा एकदाही पडला नाही. त्याच्या पात्राच्या कागदावर बोलणं ऐकीवसुद्धा नव्हतं.